टोपी म्हणजे टेबलाखालचा बॉम्ब नव्हे

मोबाइल हातात घ्या. दहशतवाद, घुसखोरी किंवा ‘देशावरचं संकट’ असा विषय असलेल्या एखाद्या हिंदी थ्रिलरचा ट्रेलर लावा आणि आवाज पूर्ण बंद करा. आता नुसतं बघा.

पहिला शॉट वरून. ड्रोन एका दाट वस्तीवरून सरकतो. पत्र्याची छपरं, पाण्याच्या टाक्या, मधोमध मशिदीचे मिनार. दुसरा शॉट गल्लीतला. माणसांच्या पाठी, पांढऱ्या टोप्या. तिसरा अगदी जवळून, सुरमा घातलेले दोन डोळे. चौथ्यात बुरख्यातल्या बायकांचा घोळका, संथ गतीत, चेहरा एकीलाही नाही. मग पडदा काळा. मग एक वायर, एक घड्याळ, एक धावणारा बूट. मग वर्दीतला नायक, खालून घेतलेला, मागे मोकळं आकाश.

हे वर्णन कुठल्याही एका चित्रपटाचं नाही. तरी वाचताना तुम्हाला दोन-चार नावं आठवली असतील. माझा मुद्दा नेमका तिथेच सुरू होतो.

आता मला सांगा, पहिल्या चार शॉटमध्ये गुन्हा कोणता घडला? लोक वस्तीत राहत होते. नमाज पढून घरी निघाले होते. कुणीतरी सुरमा लावला होता. बायका बाजाराला चालल्या होत्या. एवढंच. पण प्रेक्षक पाचव्या शॉटची, म्हणजे वायरची, वाट बघू लागला होता. ही वाट बघायला त्याला कुणी शिकवलं, कशी शिकवलं आणि त्याची किंमत कोण मोजतंय, हे आपण समजून घेतलं नाही, तर ‘पुन्हा आपल्याला बदनाम केलं’ असा मेसेज ग्रुपवर टाकण्यापलीकडे आपली मजल जाणार नाही.

उधारीची भीती

आल्फ्रेड हिचकॉकने फ्रान्स्वा त्रुफोला दिलेल्या प्रदीर्घ मुलाखतीत थ्रिलरचं सगळं शास्त्र एका टेबलावर मांडलं आहे. दोन माणसं टेबलाशी बसून इकडच्या तिकडच्या गप्पा मारताहेत. अचानक टेबलाखाली स्फोट होतो. प्रेक्षक दचकतो, पण ते दचकणं काही सेकंदांचं. आता तोच प्रसंग वेगळ्या तऱ्हेने घ्या. टेबलाखाली बॉम्ब ठेवताना प्रेक्षकाला आधीच दाखवा. मग त्याच कंटाळवाण्या गप्पा ऐकताना त्याचा जीव टांगणीला लागतो. थ्रिलरमधली भीती ही अशी प्रेक्षकाला दिलेल्या माहितीतून तयार होते.

पण त्यासाठी बॉम्ब दाखवावा लागतो. तो कुणी ठेवला, का ठेवला हे उभं करावं लागतं. चित्रपटाकडे त्यासाठी दोन तास असतात. ट्रेलरकडे दोन-अडीच मिनिटं असतात. ट्रेलर म्हणजे शेवटी जाहिरात, आणि जाहिरातीला पात्रं घडवायला सवड नसते. म्हणून तो भीती तयार करत बसत नाही, ती उधार घेतो. प्रेक्षकाच्या मनात आधीपासून जी भीती साठलेली आहे, तिला नुसतं बोट लावतो. टेबलाखाली बॉम्ब ठेवण्याचे कष्ट न घेता टेबलाशी बसलेल्या माणसाच्या डोक्यावर टोपी ठेवतो. बॉम्ब प्रेक्षक स्वतःच घेऊन येतो.

यामागची युक्ती शंभर वर्षांची जुनी आहे. रशियात लेव्ह कुलेशॉव नावाच्या दिग्दर्शकाने एका नटाचा निर्विकार चेहरा घेतला आणि त्याला वेगवेगळी चित्रं जोडली. सुपाचा वाडगा, शवपेटी, एक स्त्री. चेहरा प्रत्येक वेळी तोच होता. तरी बघणाऱ्यांना तो एकदा भुकेला वाटला, एकदा दुःखी, एकदा वासनेने भरलेला. अर्थ चेहऱ्यात नव्हता, शेजारच्या शॉटमध्ये होता. आज मिनारानंतर वायर जोडली जाते, अजानीनंतर स्फोट जोडला जातो. दोन्ही शॉट खरे असतील, पण त्यांच्यामधली काटछाट खोटं बोलते. आणि या खोट्यावर बोट ठेवता येत नाही, कारण ते कुणाच्या तोंडी घातलेलंच नसतं. सेन्सॉर बोर्ड संवाद कापू शकतं. दोन शॉटच्या सांध्यात लपलेला आरोप ते कसा कापणार?

चेहरा कुणाला, पाठ कुणाला

कॅमेऱ्याची भाषा अवघड नाही. शिवणकामाइतकीच ती शिकता येते. चार गोष्टी लक्षात ठेवल्या तरी पुरे.

पहिली, अंतर. क्लोज-अप म्हणजे माणसाच्या मनात शिरायचा दरवाजा. ज्याचा चेहरा आपण जवळून आणि थोडा वेळ पाहतो, त्याचं सुखदुःख आपलं होतं. ट्रेलरमध्ये असा चेहरा नायकाला मिळतो, त्याच्या बायकोला मिळतो, लहान मुलीला मिळतो. मोहल्ल्याला मिळतो तो लाँग शॉट. आणि ‘त्या’ माणसाचा क्लोज-अप आलाच तर तो अख्ख्या चेहऱ्याचा नसतो. नुसते डोळे, नुसती दाढी, तसबीह फिरवणारी नुसती बोटं. माणसाचे तुकडे केले की तो माणूस राहत नाही, निशाणी होतो.

दुसरी, भिंग. लांबून टिपणारी लेन्स वापरली की मधल्या वस्तू धूसर होतात, गर्दी चपटी होऊन एकमेकांवर चढते, आणि बघणाऱ्याला वाटतं की आपण लपून पाळत ठेवतोय. मोहम्मद अली रोडची संध्याकाळ या लेन्समधून टिपली की खरेदीला आलेली गर्दी ‘टोळी’ दिसू लागते. तीच गर्दी मधोमध उभं राहून, साध्या लेन्सने, माणसाच्या उंचीवरून टिपा. फालुदा खाणारी पोरं दिसतील, भाव करणारी खाला दिसेल.

तिसरी, रंग. स्टीव्हन सोडरबर्गच्या ‘ट्रॅफिक’ या २०००च्या चित्रपटात मेक्सिको पिवळट, जळका दिसतो आणि अमेरिकेतला ओहायो निळसर, थंड. त्या चित्रपटात ती कथा वेगळ्या काढण्याची सोय होती. नंतर तिची सवय झाली. हॉलिवूडमध्ये गरीब आणि ‘धोकादायक’ देश म्हटला की पडद्यावर पिवळी धूळ उडू लागली. आपल्याकडे तीच धूळ काश्मीर सोडून जवळपास प्रत्येक मुस्लिम वस्तीवर उडते. काश्मीरसाठी करडा-निळा रंग राखून ठेवलेला आहे.

चौथी, नजर. कॅमेरा कुणाच्या डोळ्यांतून बघतोय? दुर्बिणीतून, सीसीटीव्हीतून, पोलिसांच्या गाडीच्या काचेतून आपण मोहल्ला शंभरदा पाहिला. मोहल्ल्यातल्या घराच्या खिडकीतून बाहेर उभी असलेली पोलिसांची गाडी आपण ट्रेलरमध्ये किती वेळा पाहिली? भीती तर त्या खिडकीमागेही असते.

आणि आवाज. आता तो परत चालू करा. अजान ही पाच वेळा ‘या’ म्हणणारी हाक आहे. ज्याचं बालपण फजरच्या अजानीने जागं झालं, त्याला तिच्यात आईच्या हातचा चहा आठवतो. ट्रेलरमध्ये तिच्याखाली खर्जातला एक लांब घुमणारा सूर सरकवतात आणि शेवटच्या शब्दावर धाडकन ठोका देतात. हाक धोक्याची घंटा होते. ध्वनिसंयोजकाला त्यासाठी पाच मिनिटं पुरतात. त्याने कुणाचा द्वेष केलेला नसतो. त्याने फक्त तयार साचा वापरलेला असतो. म्हणूनच हा साचा एखाद्या दुष्ट दिग्दर्शकापेक्षा जास्त घातक आहे. द्वेष न बाळगताही तो चालवता येतो.

उदयभानाने हा पेहराव का घातला?

हा प्रश्न धर्माचा की साच्याचा, असं कुणी विचारलं तर मी एक मराठी उदाहरण देईन. सिंहगडाची लढाई आपण शाळेत शिकलो. १६७० साली कोंढाण्यावर तानाजी मालुसऱ्यांसमोर उभा असलेला किल्लेदार उदयभान राठोड हा राजपूत होता, हिंदू होता, मोगलांच्या चाकरीत होता. २०१९च्या नोव्हेंबरमध्ये ओम राऊत दिग्दर्शित ‘तान्हाजी’चा ट्रेलर आला. त्यातला सैफ अली खानचा उदयभान आठवा. काळे कपडे, दाढी, काजळलेले डोळे, अंधारलेली चौकट, विकृत हसू. त्याआधी ‘पद्मावत’मध्ये आलेल्या अलाउद्दीन खिलजीचा तो जुळा भाऊ शोभतो. मराठ्यांच्या वाट्याला भगवा, सोनेरी उजेड, मोगल बाजूच्या वाट्याला काळोख.

इतिहास सांगतो की त्या लढाईत दोन्ही बाजूंचे सरदार हिंदू होते. पण ट्रेलरला खलनायक दोन सेकंदांत ओळखू यायला हवा होता. मग त्याला तोच वेश चढवला, जो आता ‘खलनायक’ या शब्दाचा गणवेश झाला आहे. साचा इतका मजबूत झालाय की तो हिंदू सरदारालाही ‘मुसलमान’ करून दाखवतो, आणि सभागृहात कुणालाच खटकत नाही.

‘चांगल्या मुसलमाना’चाही एक साचा आहे. ट्रेलरमध्ये त्याला एक वाक्य मिळतं, आणि ते देशभक्तीचं असतं. पार्श्वभूमीला तिरंगा, डोळ्यांत पाणी. एका वाक्यात त्याने सगळ्या कौमेचं प्रमाणपत्र सादर करायचं. १९९९च्या ‘सरफरोश’मधला इन्स्पेक्टर सलीम आठवून बघा. त्याच्यावर संशय घेतला गेल्यावर तो प्रमाणपत्र दाखवत नाही. तो चिडतो. वरिष्ठाला खडसावतो. अपमान झालेल्या माणसाचा राग त्याला दिलेला होता. व्यावसायिक हिंदी चित्रपटात पंचवीस वर्षांपूर्वी जे जमलं, ते आज ट्रेलरमधून गायब आहे. आता रागावलेला मुसलमान म्हणजे पाचव्या शॉटमधला मुसलमान.

‘चित्रपट तर बघा आधी!’

आपण तक्रार केली की हे उत्तर ठरलेलं. ट्रेलरवर जाऊ नका, चित्रपट वेगळा आहे. कबूल. ट्रेलर खोटं बोलतो हे मी नवीन सांगत नाही. १९६०च्या ‘सायको’च्या ट्रेलरमध्ये हिचकॉक स्वतः प्रेक्षकांना मोटेल फिरवून दाखवतो आणि शेवटी न्हाणीघराचा पडदा ओढतो. किंचाळणारी बाई असते व्हेरा माइल्स. चित्रपटात त्या न्हाणीघरात मारली जाते ती जॅनेट ली. त्या लबाडीने कुणाचं वाईट झालं नाही, उलट गंमत वाढली.

आपल्या कायद्याच्या लेखीही ट्रेलर म्हणजे वचन नव्हे. महाराष्ट्रातल्याच एका प्रेक्षक महिलेने ‘फॅन’ चित्रपटाबाबत तक्रार केली होती, की प्रोमोमध्ये दाखवलेलं गाणं चित्रपटात नव्हतंच. ग्राहक आयोगाने तिला दहा हजार रुपये भरपाई आणि खटल्याचा खर्च देवविला. पण एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. प्रोमो म्हणजे करार नव्हे, त्यातून निर्मात्यावर कराराचं बंधन येत नाही, असं न्यायालयाने म्हटलं. ग्राहक कायद्यापुरतं हे पटण्यासारखं आहे.

पण याचा अर्थ नीट लक्षात घ्या. ट्रेलर चित्रपटाशी बांधील नाही. तिकीट काढून चित्रपट बघणारे थोडे, ट्रेलर फुकट बघणारे त्यांच्या कित्येक पट. चित्रपट दोन आठवड्यांत उतरतो, ट्रेलरचे तुकडे वर्षानुवर्षं फॉरवर्ड होत राहतात. म्हणजे समाजाच्या मनावर ज्याचा छाप जास्त पडतो, त्याचीच जबाबदारी सगळ्यांत कमी.

‘हमारे बारह’चं प्रकरण बघा. जून २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या खंडपीठाने टीझर पाहून तो आक्षेपार्ह असल्याचं म्हटलं आणि प्रदर्शन थांबवलं. मग मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनी पूर्ण चित्रपट पाहिला. काही बदल करून घेतले आणि चित्रपट प्रदर्शित व्हायला परवानगी दिली. चित्रपटात इस्लामविरोधी काही राहिलेलं नाही, तो उलट स्त्रियांच्या बाजूचा आहे, असं मत त्यांनी नोंदवलं. पण प्रमाणपत्राआधीच ट्रेलर बाहेर सोडल्याबद्दल निर्मात्यांना पाच लाख रुपये भरायला लावले. म्हणजे चित्रपट पास आणि ट्रेलर नापास. ते प्रेक्षक मात्र कुठल्या न्यायालयात जाणार, ज्यांनी फक्त ट्रेलर पाहिला आणि ‘बारा पोरं’ हे शब्द खिशात टाकून घरी गेले?

‘द केरला स्टोरी’त हेच जास्त उघडपणे घडलं. नोव्हेंबर २०२२च्या टीझरमध्ये बुरख्यातली एक स्त्री थेट कॅमेऱ्यात बघते आणि आपल्यासारख्या ३२ हजार मुली असल्याचं सांगते. या शॉटची ताकद समजून घ्या. पात्र जेव्हा सरळ कॅमेऱ्यात बघून बोलतं, तेव्हा ते नाटक राहत नाही, जबानी होते. बातमीदार आणि साक्षीदार असेच बोलतात. पुढे केरळ उच्च न्यायालयात निर्मात्यांनी हा टीझर काढून टाकण्याची हमी दिली. मोठ्या ट्रेलरच्या वर्णनातला आकडा यूट्यूबवर ३२ हजारांवरून तीनवर आला. मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात त्यांनी मान्य केलं की ३२ हजार या आकड्याला अधिकृत आधार नसल्याची सूचना चित्रपटाला जोडू. बत्तीस हजार आणि तीन. तीन मुलींचं दुःख खरं असू शकतं, त्यावर गंभीर चित्रपटही होऊ शकतो. पण आज कुठल्याही नाक्यावर विचारा, लोकांच्या लक्षात कोणता आकडा आहे? आणि या चित्रपटाला २०२५ मध्ये दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाला.

‘पण दहशतवाद झालाच ना?’

झाला. १९९३ला झाला, २००६ला झाला, २६ नोव्हेंबर २००८ला झाला. काही करणाऱ्यांनी अल्लाहचं नाव घेतलं हेही खरं. मुस्लिम खलनायक दाखवूच नका, असं मी म्हणणार नाही, तुम्हीही म्हणू नका. माझं म्हणणं एवढंच आहे की खलनायक त्याच्या कृत्यावरून ठरवा, कपड्यांवरून नको.

हे करता येतं. अनुराग कश्यपच्या ‘ब्लॅक फ्रायडे’त १९९३च्या बॉम्बस्फोटांचे आरोपी आहेत, बहुतेक खऱ्या नावांनिशी आहेत, आणि त्यांना माफी नाही. पण बादशाह खान गावोगाव पळतो, पैसे संपतात, बोलावणारे फोन उचलत नाहीत, तेव्हा कॅमेरा त्याच्या चेहऱ्यावर थांबतो. पोलीस झोपडपट्टीतून एका आरोपीचा पाठलाग करतात, तेव्हा धावणारा आणि धरणारे सगळेच दमतात. गुन्हा गुन्हाच राहतो, आणि माणूस माणूस राहतो.

आपल्या निशिकांत कामतचा ‘मुंबई मेरी जान’ (२००८) तर या विषयाचा धडाच आहे. रेल्वे स्फोटांनंतरच्या मुंबईत सुरेश नावाचा तरुण युसूफ नावाच्या मुलाच्या मागावर राहतो. कॅमेरा सुरेशच्या डोळ्यांतून बघतो, म्हणून आपणही युसूफवर संशय घेतो. शेवटी युसूफ निघतो एक साधा मुलगा, आणि संशय निघतो आपला. तीच लेन्स, तीच पाळत, पण या वेळी ती उलटून आपल्यावर रोखलेली. त्याच शहरात मॉलमध्ये अपमान झालेला एक गरीब कॉफीवाला खोटे धमकीचे फोन करून खरी घबराट पसरवतो, आणि त्याच्याकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही. तो ‘तसा’ दिसत नाही ना!

पडद्याबाहेरचा ट्रेलर

आता किंमत कोण मोजतं ते बघू. सप्टेंबर २००८ मध्ये दिल्लीत बाटला हाउस चकमकीनंतर अटक केलेल्या तरुणांना पत्रकारांसमोर उभं केलं गेलं, तेव्हा त्यांची तोंडं झाकायला अरबी पद्धतीचे चौकड्यांचे रुमाल वापरले होते. दिल्लीच्या गल्लीत राहणाऱ्या मुलांना हा वेश कुणी दिला? ते छायाचित्र देशभर गेलं. खटला उभा राहण्याआधी ट्रेलर लागला होता.

मालेगावात ८ सप्टेंबर २००६ला, शब-ए-बरातच्या दिवशी, कब्रस्तानाजवळ स्फोट झाले. मेले ते बहुतांश मुसलमान, पकडले गेले तेही मुसलमान तरुण. २०१६ मध्ये विशेष न्यायालयाने त्यांना दोषमुक्त केलं. त्याआधी दोनच महिने, ११ जुलैला, मुंबईच्या लोकल गाड्यांत १८०हून अधिक लोकांचा जीव गेला होता. त्या खटल्यात २०१५ला बारा जणांना शिक्षा झाली, पाच जणांना फाशी. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने बाराही जणांची निर्दोष सुटका केली. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं आहे. या निकालाचा दाखला दुसऱ्या खटल्यांत देऊ नये, एवढी स्थगिती मिळाली. पण सुटलेल्यांना परत तुरुंगात पाठवलेलं नाही. एकोणीस वर्षं गेली. मेलेल्यांच्या घरच्यांना अजून कळलेलं नाही की आपलं माणूस कुणी मारलं. त्यांच्यावरचा अन्यायही तितकाच मोठा आहे.

कॅमेऱ्यामुळे ही माणसं तुरुंगात गेली, असं मी म्हणत नाही. खटले पोलीस करतात, कॅमेरा नाही. पण काळ्या कापडाने चेहरा झाकलेला माणूस टीव्हीवर दिसताच ‘हाच तो’ असं वाटायला जी तयारी लागते, ती तयारी आपल्या समाजाची झालेली होती. घर भाड्याने देताना, नोकरीच्या मुलाखतीत, रेल्वेच्या डब्यात समोरच्या बाकावर टोपी दिसली की पिशवीकडे नजर जाते, ती याच तयारीमुळे. ट्रेलर पहिल्याच दिवशी लागतो. निकाल एकोणीस वर्षांनी येतो. तोवर सभागृह रिकामं झालेलं असतं.

आरसा आपल्याकडेही

इथवर वाचून मान डोलावत असाल, तर थोडं थांबा.

बंदी मागणं ही आपली पहिली प्रतिक्रिया असते. बंदीच्या मागणीसारखी फुकट जाहिरात नाही. मोर्चाच्या बातमीतही तोच टीझर पुन्हा दाखवला जातो, आणि मोर्चातले आपले ओरडणारे चेहरे पुढच्या ट्रेलरला कच्चा माल म्हणून मिळतात. न्यायालयात जा, आकड्याचा पुरावा मागा, प्रमाणपत्राचा नियम दाखवा. तिथे काय मिळतं ते वर पाहिलंच. पण कलेवर कुलूप मागणाऱ्यांच्या रांगेत आपण उभं राहायचं नाही. ते कुलूप उद्या ‘शाहिद’सारख्या चित्रपटावरही लागेल.

दुसरं, हीच भाषा आपल्या नावानेही बोलली गेली आहे. २०१४ मध्ये ‘इस्लामिक स्टेट’ने आपल्या ‘फ्लेम्स ऑफ वॉर’ या प्रचारपटाचा चक्क ट्रेलर काढला होता. संथ गतीतला स्फोट, काळा पडदा, घुमणारा सूर, लवकरच येत आहे. ज्या व्याकरणाने आपल्याला राक्षस केलं, तेच व्याकरण राक्षसांनी पोरांना ओढायला वापरलं. आणि यूट्यूबवरच्या आपल्याच काही बयानांचे थंबनेल बघा. लाल बाण, आगीच्या ज्वाळा, रडणारी बाई, ‘अंजाम देखो’. तीही उधारीचीच भीती आहे, फक्त दुकान वेगळं.

आणि तिसरं, सगळ्यांत कडू. ट्रेलरमध्ये बुरख्यातल्या बायकांना चेहरा नाही म्हणून आपण चिडतो. मग राखीव जागेवर उभ्या राहिलेल्या बाईच्या प्रचाराच्या फलकावर तिच्याऐवजी नवऱ्याचा फोटो असतो, तेव्हा कुणीच का चिडत नाही? आपल्या जलशाच्या पोस्टरवर वक्त्या बाईच्या नावापुढे गुलाबाचं फूल छापलेलं असतं, ते कोणत्या कॅमेऱ्याने छापलं? बाईला पार्श्वभूमी करायचं काम आपण ट्रेलरवाल्यांच्या आधीपासून करत आलोय. तिने चेहरा झाकावा की नाही हे ती ठरवेल. पण तिला नाव, आवाज आणि गोष्ट असायलाच हवी.

मग करायचं काय?

पहिलं, बघायला शिका आणि शिकवा. मोहल्ल्यातल्या अभ्यासिकेत, कॉलेजच्या कट्ट्यावर, दहा पोरं-पोरी बसा. एक ट्रेलर घ्या. एकदा आवाज बंद करून बघा, एकदा चित्र झाकून नुसता ऐका. मग कागदावर लिहा. क्लोज-अप कुणाचे किती? पूर्ण वाक्य कुणाला? नाव कुणाला? आपली माणसं कुणाच्या नजरेतून दिसली? टोपीनंतर लगेच कोणता शॉट आला? तासाभरात कळेल की राग कुठल्या ठिकाणी धरायचा. ‘आम्हाला वाईट दाखवलं’ या वाक्याला समोरचा हसतो. ‘अजानीच्या दुसऱ्या सेकंदाला स्फोट जोडलाय, चित्रपटात हे दोन प्रसंग एकमेकांजवळ आहेत का?’ या प्रश्नाला त्याला उत्तर द्यावं लागतं. तो प्रश्न घेऊन ‘हमारे बारह’सारख्या प्रकरणात न्यायालयातही जाता येतं.

दुसरं, बिगर-मुस्लिम मित्रांना सोबत बसवा. हा साचा त्यांच्या डोळ्यांवर चढवलेला चष्मा आहे, आपल्याइतकाच त्यांचाही प्रश्न आहे. आणि तेही उदयभानाचं उदाहरण ऐकून विचारात पडतात.

तिसरं, कॅमेरा उचला. तुमच्या खिशात आहे. मालवणी, मुंब्रा, मालेगाव, मिरज, कुठेही असाल, आपल्या गल्लीचा दोन मिनिटांचा ट्रेलर बनवा, आणि थ्रिलरच बनवा. दहावीच्या निकालाच्या सकाळी वेबसाइट उघडत नाही तेव्हाची धडधड. यंत्रमाग बंद पडल्यावर महिनाअखेरीचं भाडं. लोकलमध्ये समोरचा माणूस आपल्या पिशवीकडे पाहतोय हे लक्षात आल्यावर घशाला पडलेली कोरड. ही भीती उधारीची नाही. ती आपली स्वतःची आहे, खरी आहे, आणि ती आजवर कुठल्या ट्रेलरमध्ये आलेली नाही.

मिनारावरून सुरुवात करायची तर करा. फक्त ड्रोन खाली उतरवा, माणसाच्या उंचीवर आणा, आणि समोर येणाऱ्या माणसाचा चेहरा पूर्ण दिसेपर्यंत काटछाट करू नका.